क्रूझवरून बंदरात उतरून आपलं आपण फिरायचं, अन् पैशाचं कसं करायचं?

वरुडची_वैनी
९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमची बायांची भिशी आहे, चौदा वर्षं जुनी. आजवर त्या पैशातून कोणी फ्रीज घेतला, कोणी पोरीच्या लग्नाला हातभार लावला. दोन वर्षांआधी माझ्या तोंडून निघून गेलं की एक खेप आपण सगळ्या मिळून जहाजानं जाऊ. झालं! आता नऊ बाया अन् तीन नवरे, असे बारा जण जानेवारीत चाललो. सिंगापूरहून निघायचं, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. चार रात्री.

तिकिटं नागपूरच्या एजंटकडून झाली. आता तो रोज फोन करून म्हणते, बंदरावरच्या सहली जहाजाकडूनच घ्या. एकट्या पेनांगचे माणशी ७० डॉलर. बारा जणांचे ८४०, म्हणजे पाऊण लाख रुपये, साडेचार तासांचे. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आकडा ऐकल्यावर म्हणाले, एवढ्यात मी आख्खी गाडी पंढरपूरले नेऊन आणतो.

तर विचारायचं असं, की जहाजातून उतरून आपलं आपण फिरता येते का? उतरू देतात का? अन् पैसे कसे न्यायचे? जहाजावर डॉलर, पेनांगात रिंगिट, फुकेतले बाट, सिंगापूरचा डॉलर आणखी वेगळा. बारापैकी सात जणींकडे एटीएम कार्ड आहे, ते पण तालुक्याच्या शाखेचं. इंग्रजी म्हणाल तर माझं दहावीचं, अन् ह्यांचं 'पुढे सरका' पुरतं.


बोंडअळी
९ नोव्हेंबर, रात्री ९.५८

वैनी, संत्रा कोण्या व्यापाऱ्याले दिला ते आधी सांगा. आमच्याइथं बगीचा पाहाले कोणी येऊन नाही राहिलं अन् तुम्ही फुकेतले चालल्या.


जहाजी_भाऊ
९ नोव्हेंबर, रात्री ११.२०

मी तिवसा तालुक्यातला. सहा वर्षं परदेशी जहाजांवर होतो, पाहुण्यांच्या काउंटरवर. आता घरी तूर पाहतो. जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

हाव, उतरू देतात. जहाजाची सहल घेतलीच पाहिजे असं काही नाही. जहाजाचं एक कार्ड भेटते, तेच खोलीची चावी, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. उतरतानी मशीनले दाखवायचं, चढतानी दाखवायचं. या भागातल्या जहाजांवर पासपोर्ट बहुतेक वेळा जहाजवालेच ठेवून घेतात, घाबरू नका. त्याची झेरॉक्स अन् व्हिसाची झेरॉक्स प्रत्येकीच्या पर्समध्ये वेगळी असू द्या.

पण वैनी, एक गोष्ट भाऊजींले नीट समजावून सांगा. जहाज म्हणजे मुक्कामी गाडी नाही. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते, कारण उशीर त्याचाच असते. तुम्ही तुमच्या गाडीनं गेले अन् टायर पंक्चर झालं तर जहाज निघून जाते. मी वरून पाहिलं आहे. नवरा-बायको धक्क्यावर पिशव्या घेऊन पळत होते, अन् वरच्या मजल्यावरचे लोकं टाळ्या पिटत होते. अशा वेळी आम्ही त्या माणसाची खोली उघडून तिजोरीत पासपोर्ट असले तर काढायचो अन् बंदरातल्या एजंटाजवळ देऊन जायचो. पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल, सगळा खर्च त्यांचा. रोज रात्री खोलीत जे छापील पत्रक येते, त्यावर बंदराच्या एजंटाचा फोन नंबर असते. त्याचा फोटो काढून ठेवा, अन् नंबर कागदावरही लिहा, कारण मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडते.

त्या पत्रकावर दुसरी गोष्ट पाहायची, परत चढायची शेवटची वेळ. जहाज सुटायच्या अर्धा-एक तास आधीची असते. ती *जहाजाची* वेळ असते. सिंगापूर अन् मलेशियाचं घड्याळ एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. थायलंड मात्र त्यांच्या एक तास मागे. काही जहाजं फुकेतले घड्याळ बदलतात, काही सिंगापूरचीच वेळ ठेवतात. मोबाइल तर जमिनीचं टॉवर पकडून आपोआप बदलते. बस, इथंच माणूस फसते.

पैशाचं उद्या लिहितो. लाईन जायची वेळ झाली.


सावजी_तर्री
१० नोव्हेंबर, सकाळी ७.१५

माझं मत थोडं वेगळं आहे. सगळंच आपलं आपण करायचा हट्ट नको. माझ्या आई-बाबांच्या जहाजानं पोर्ट क्लांगला थांबा घेतला होता. ते बंदर क्वालालंपूरचं म्हणतात, पण जहाजाच्या धक्क्यापासून शहर साठ-सत्तर किलोमीटर. बाबांनी टॅक्सी केली. बाटू केव्हजच्या २७२ पायऱ्या चढले, मुरुगन स्वामींची सोन्याच्या रंगाची उंच मूर्ती पाहिली, जुळे मनोरे पाहिले, अन् येताना जाम लागला. शेवटच्या वेळेच्या बारा मिनिटं आधी धक्क्यावर. आईनं पूर्ण रस्ता विष्णुसहस्रनाम म्हटलं. पैसे वाचले ते तिच्या बीपीच्या गोळ्यात गेले असते.

म्हणून बंदर गावात असेल तर पायी फिरा, गाव दूर असेल तर जहाजाला पैसे द्या.


जहाजी_भाऊ
१० नोव्हेंबर, दुपारी २.०५

तर्री भाऊ, पूर्ण पटलं. अन् सुदैवानं पेनांगचा धक्का गावातच आहे.

आता पैसे. जहाजावर नोट चालत नाही. जे घ्याल ते कार्डावर चढते अन् शेवटी हिशोब. खात्याले मागून क्रेडिट कार्ड जोडायचं, नाहीतर काउंटरवर रोख डॉलर जमा करायचे. तुमच्या लोकांसाठी रोख जमा केलेली बरी. जेवढी जमा तेवढंच खर्चता येते, उरले तर शेवटच्या सकाळी परत. फक्त लाइनमध्ये उभं राहायची तयारी ठेवा.

*डेबिट कार्ड अन् फॉरेक्स कार्ड (आधी पैसे भरून घेतलेलं परकीय चलनाचं कार्ड) जहाजाच्या खात्याले जोडू नका.* जहाज त्यावर अंदाजे रक्कम अडकवून ठेवते. खर्च केला नाही तरी ते पैसे बँकेत सुटायले आठ-पंधरा दिवस लागतात. काउंटरवर माझ्यापुढं जेवढी माणसं रडली, त्यातली अर्धी याच्यासाठी.

टिप वेगळी. माणशी, दर दिवशी, १५ ते २० डॉलरच्या घरात आपोआप चढते. चार रात्रीचा बारा जणांचा हिशोब आत्ताच करून ठेवा, अन् एजंटनं आधीच भरली आहे का ते त्याच्याकडून लेखी घ्या. खोलीतल्या टेबलावर पाण्याची बाटली मांडून ठेवलेली असते, ती फुकट नसते. जेवणाच्या हॉलमधलं पाणी फुकट. तिसऱ्या रात्री काउंटरवर जाऊन बिलाचा कागद मागा. शेवटच्या सकाळी सगळं जहाज तिथं उभं असते, तेव्हा भांडायले वेळ नाही भेटत.


खारपाणपट्टा
१० नोव्हेंबर, रात्री ८.३०

अकोल्याहून. बँकेत एकतीस वर्षं काढली, म्हणून हे माझ्या वाट्याचं.

पहिलं म्हणजे तुमची कार्डं परदेशात चालू आहेत का ते बघा. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतात, ग्राहकानं स्वतः सुरू करायचे असतात. तालुक्याच्या शाखेत विचारलं तर साहेब तुमच्याकडं पाहतील, तुम्ही साहेबांकडं पाहाल. मोबाइल अ‍ॅपमध्ये बटण असते. नसेल तर ते कार्ड घरीच ठेवा.

रोख परकीय चलन एका माणसाला एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंत मिळते, त्यावरचं कार्डावर घ्यायचं. नागपूरला परवानाधारक दुकानातून घ्या. पॅन, पासपोर्ट, तिकीट, व्हिसा लागतो. ५० हजारांच्या वर रुपये रोख घेत नाहीत, चेक किंवा खात्यातून. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडं पिकाचा चुकारा रोख आला की माणूस तसाच पिशवीत घेऊन जाते. आपले रुपये माणशी २५ हजारांपर्यंत सोबत नेता येतात. सिंगापुरातल्या लिटल इंडियात ते बदलूनही मिळतात, पण भाव पाहून.

कार्डानं दुकानात पैसे देताना मशीन विचारते, रुपयात देऊ की रिंगिटमध्ये? रुपया पाहून बरं वाटते, पण रुपया दाबायचा नाही. रुपयात दिलं की बदलाचा भाव तो दुकानदाराकडचा लावते अन् तिथंच चार-पाच टक्के जातात. एटीएमही हेच विचारते. थायलंडच्या एटीएमवर बाहेरच्या कार्डाला दर खेपेला दोनशेच्या वर बाट वेगळे लागतात, म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास. दोन हजार बाट काढायला सहाशे रुपये देणारा माणूस मला शहाणा वाटत नाही.

एजंटनं पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आधीच घेतलेला आयकर, कापला असेल. तो बुडत नाही, आयकर खात्याच्या २६एएस या तक्त्यात दिसतो, रिटर्न भरून मागता येतो. ज्या बायांच्या नावावर कापला त्यांनी रिटर्न भरलं पाहिजे. 'आमचं उत्पन्न शेतीचं आहे' म्हणून पैसे सोडून देऊ नका. हे मी किती घरी सांगितलं असेल!


झाडीपट्टी
१० नोव्हेंबर, रात्री ९.०२

जहाजावर पाय ठेवला का मोबाइल विमान मोडवर टाका जी. माझ्या दिरानं नाही टाकला. समुद्रात जहाजाचं सॅटेलाइटवालं नेटवर्क आपोआप पकडते. त्यानं फोन केला नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर धानाच्या भावाचे मेसेज येत राहिले. बिल आलं अकरा हजार. कंपनीशी दोन महिने भांडला, काही नाही झालं. धान विकून बिल भरलं असं आम्ही अजून चिडवतो.


बोंडअळी
१० नोव्हेंबर, रात्री ९.१०

अन् खर्रा नेऊ नका सिंगापूरले! तिथं चघळायचा तंबाखू आणायलेच बंदी आहे. च्युइंगमची आयात १९९२ पासून बंद. विमानतळावर पन्नी उघडून दाखवत बसाल.


वरुडची_वैनी
१० नोव्हेंबर, रात्री ९.४४

बोंडअळी भाऊ, तीन नवऱ्यांपैकी दोघांचे चेहरे उतरले. धन्यवाद.

खारपाणपट्टा दादा, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं. आता पेनांगचं कोणाला माहीत आहे का? जहाज दुपारी लागते अन् रात्री सुटते असं पत्रकात आहे.


पूर्णाकाठची
११ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

ताई, मी दर्यापूरची, नवऱ्याच्या नोकरीमुळं सात वर्षं पेनांगात. तो बायान लेपासच्या चिपच्या कारखान्यात आहे. तुमची पोस्ट पाहून राहवलं नाही.

तुमचं जहाज स्वेटनहॅम पिअरला लागेल. बाहेर पडलं की जॉर्जटाउन समोरच. या जुन्या गावाला २००८ मध्ये मलाक्कासोबत युनेस्कोच्या यादीत घेतलं. फाटकाबाहेर टॅक्सीवाले कार्डबोर्ड घेऊन उभे असतात, 'फुल टूर, फुल टूर' म्हणतात. हसून पुढं चला. फोर्ट कॉर्नवॉलिस उजव्या-डाव्या हाताला विचारायचीही गरज नाही, दिसतोच. तिथून दहा मिनिटं चाललं की लिटल इंडिया. तमिळ गाणी इतकी मोठ्यानं लागलेली असतात की रस्ता चुकला तरी कानानं सापडतो. केळीच्या पानावर शाकाहारी जेवण मिळतं. क्वीन स्ट्रीटवर महामारिअम्मनचं देऊळ आहे, १८३३ चं. दुपारी बंद असतं, म्हणून आधी जेवा, फिरा, अन् संध्याकाळी देवळात जा.

मधल्या वेळात आर्मेनियन स्ट्रीट. २०१२ मध्ये एका लिथुआनियन चित्रकारानं तिथल्या भिंतींवर चित्रं काढली. भिंतीवर पोरं रंगवलेली अन् त्यांच्याखाली खरीखुरी सायकल. तिच्याजवळ फोटोसाठी रांग असते. तिथून च्यू जेट्टीला चालत जाता येतं, समुद्रात खांबांवर उभी लाकडी घरं, एकाच आडनावाच्या चिनी लोकांची. लोक अजून राहतात तिथं, घरात डोकावू नका. आपल्याकडं कोणी असं डोकावलं असतं तर आपण काय केलं असतं, तेवढंच लक्षात ठेवा.

पाय दुखले तर गावात फिरणारी कॅट नावाची फुकट बस आहे. पेनांग हिलची बस २०४, पण बारा जण, टेकडीच्या रेल्वेची रांग अन् परत यायचं, हे मी तुम्हाला सुचवणार नाही. टेकडी इंग्रजांची हवा खायची जागा होती, रेल्वे १९२३ ची, सुंदर आहे. पण तुमच्या हातात सहा तास आहेत. चिखलदरा पाहिलेल्या माणसानं त्यातले तीन रांगेत घालवायचे कशाला?

रिंगिट वीस रुपयांच्या थोडा वर धरा. माणशी शंभर रिंगिट सोबत असले तर जेवण, चेंडोल (गूळ-नारळाच्या दुधातलं बर्फाचं गोड, जरूर खा), थोडी खरेदी, सगळं होतं. ग्रॅब अ‍ॅप (टॅक्सी बोलवायचं) घरूनच टाकून, ओटीपी घेऊन या. अन् मलेशियाचा डिजिटल आगमन अर्ज सरकारी साइटवर फुकट भरतात, तीन दिवस आधीपासून. सिंगापूरचा अन् थायलंडचाही फुकट. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. तुमच्या जहाजाला कोणता लागतो ते एजंटकडून लेखी घ्या.


सावजी_तर्री
११ नोव्हेंबर, दुपारी १.१०

पूर्णाकाठची ताई, तुमच्या एका पोस्टनं एजंटचे ८४० डॉलर गेले.


जहाजी_भाऊ
११ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००

फुकेतचं राहिलं. तिथं मोठं जहाज बरेचदा धक्क्याले लागतच नाही, पातोंगसमोर समुद्रात उभं राहते अन् लहान बोटींनं किनाऱ्यावर नेतात. उतरायलेही रांग, परत यायलेही रांग. म्हणून शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहायचं नाही, दीड तास आधी किनाऱ्यावर. तिथल्या टुकटुकवाल्यांचे भाव आपल्या ऑटोवाल्यांले लाजवतात. भाव आधी, बसणं नंतर. पाण्यातली स्कूटर भाड्यानं घेऊ नका, परत केली की जुना ओरखडा दाखवून पैसे मागतात. अन् पासपोर्ट कोणाजवळ गहाण ठेवायचा नाही, काही झालं तरी.


वरुडची_वैनी
२७ जानेवारी, रात्री १०.१५

मंडळी, सुखरूप आलो. आठ दिवस झाले, पण घरात संत्र्याचे मजूर अन् पाहुणे, लिहायला आज वेळ मिळाला.

पैशाचं आधी. ह्यांनी एसटीतली जुनी कातडी बॅग काढली. सगळ्यांनी सारखे पैसे घातले, डॉलर, रिंगिट, बाट वेगवेगळ्या कप्प्यात. रोज संध्याकाळी खोलीत वेबिल. काय आलं, काय गेलं, हातात किती. बारा जणांसमोर मोजायचं. वैयक्तिक खरेदी ज्याची त्यानं. पहिल्या दिवशी सगळे हसले. तिसऱ्या दिवशी वेबिल ऐकायला शेजारच्या खोलीतले नागपूरचे एक काका पण यायला लागले, म्हणाले आमचा हिशोब काही लागून नाही राहिला.

एवढं सांगूनही एका बाईनं गुपचूप डेबिट कार्ड जोडलं. नाव सांगत नाही, ती हे वाचते. तिचे २०० डॉलर नऊ दिवस अडकले अन् तिनं रोज सकाळी मला फोन केला. बिलात आमच्या खोलीवर पाण्याच्या दोन बाटल्या चढल्या होत्या, ज्या आम्ही उघडल्याही नव्हत्या. तिसऱ्या रात्रीच कागद मागितला होता म्हणून तिथल्या पोरीनं हसत काढून टाकल्या. जहाजी भाऊ, तुमची आठवण काढली.

पेनांगात पूर्णाकाठची स्वतः येऊन उभी! हातात डबा, डब्यात आळूची वडी. नऊ बाया एका दमात रडल्या. चेंडोल दोन-दोन वाट्या खाल्ले. सायकलवाल्या भिंतीसमोर आमच्यातल्या सर्वांत मोठ्या, सदुसष्ट वर्षांच्या, बसल्या अन् उतरायलाच तयार नव्हत्या. मागं चिनी पर्यटकांची रांग. जहाजाच्या सहलीची बस आम्हाला दोनदा ओलांडून गेली, आतले लोक काचेतून फोटो काढत होते.

फुकेतचं मात्र सांगते. जहाजानं घड्याळ बदललं नाही, सिंगापूरचंच ठेवलं. शेवटची बोट साडेतीनला. आम्ही गाडी करून चालोंगचं देऊळ पाहिलं, एका टेकावरून तीन किनारे एका रांगेत पाहिले, अन् पातोंगच्या बाजारात आलो. बाया पोरासोरांच्या टी-शर्टचा भाव करत बसल्या. मी मोबाइल पाहिला, एक वाजून दहा मिनिटं. म्हटलं खूप वेळ आहे. ह्यांच्या हातात लग्नातलं एचएमटी, त्याला चावी देतात, टॉवर वगैरे कळत नाही त्याला. त्यात सिंगापूरचीच वेळ, दोन वाजून दहा. हे बाजाराच्या मधोमध उभं राहून ओरडले, "चला, चला, गाडी सुटली!" पस्तीस वर्षांचा आवाज. थाई दुकानदारीण दचकली. माणसं मोजली, अकरा. पुन्हा मोजली, अकरा. स्वतःला मोजायला विसरले होते. बोटीच्या रांगेत चाळीस मिनिटं उभं राहावं लागलं. मोबाइलच्या वेळेवर राहिलो असतो तर रांगेच्या शेवटी असतो, अन् त्या रांगेतले सगळेच काही चढले नाहीत म्हणे. कोण राहिलं, त्यांचं पुढं काय झालं, ते कळलं नाही.


झाडीपट्टी
२७ जानेवारी, रात्री १०.३२

विमान मोड टाकला होता ना जी?


वरुडची_वैनी
२७ जानेवारी, रात्री १०.३५

जहाजावर चढताना सगळ्यांचे मोबाइल मीच घेऊन त्या मोडवर टाकले. दोन जणींना राग आला, बिल आलं नाही म्हणून गेला.


खारपाणपट्टा
२८ जानेवारी, सकाळी ८.२०

उरलेल्या नोटा परत करा, १८० दिवसांत. दोन हजार डॉलरपर्यंत ठेवता येतात, पण तुमच्याकडं तेवढ्या उरल्या नसतील असं वेबिलवरून वाटते. अन् टीसीएसचं रिटर्न?


वरुडची_वैनी
२८ जानेवारी, रात्री ९.०५

नोटा परत केल्या. रिटर्नसाठी सगळ्यांचे पॅन गोळा करून राहिली आहे. चिल्लर मात्र नागपूरच्या दुकानानं घेतली नाही. चौदा रिंगिट अन् काही बाटची नाणी आहेत. ती भिशीच्या डब्यात टाकली. पहिल्या तारखेला भिशी माझ्याकडे आहे, बोंडअळी भाऊ, वैनीला पाठवा. चेंडोल जमते का ते करून पाहणार आहे.